सेलमधला ‘ब्लँक’ कोणी लावला?

घटस्थापनेच्या आसपास आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक लेख हमखास येतो. शीर्षक थोडं इकडेतिकडे, मजकूर तोच: सेलमध्ये फसू नका, दुकानदारांच्या दहा मानसशास्त्रीय युक्त्या ओळखा. ९९ वर संपणारी किंमत, खोडून दाखवलेली किंमत, ‘फक्त २ शिल्लक’, उलटं चालणारं घड्याळ, ‘एका ग्राहकाला इतकेच नग’. आणि प्रत्येक युक्तीखाली एक ठरलेलं वाक्य: ‘संशोधनातून असं सिद्ध झालं आहे की...’

आज या लेखांचीच जरा झडती घेऊ. त्याला कारणं दोन. एक म्हणजे तुम्ही संशोधनाकडे निघालेले आहात. ‘सिद्ध झालं आहे’ हे शब्द दिसले की थांबायची सवय तुम्हाला आत्तापासून लागलेली बरी. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मागच्या वर्षी असाच एक लेख मी अथपासून इतिपर्यंत वाचला, मला तो पटला, जर्नल क्लबमध्ये त्यावर अर्धा तास बोललेही. आणि मग आठवड्याभरात व्यवस्थित फसले.

झालं असं. प्रबंध लिहायला लॅपटॉप हवा होता. मनात ठरवलेला आकडा चाळीस हजार. एका ऑनलाइन दुकानाच्या दिवाळी सेलमध्ये एक लॅपटॉप दिसला: ८९,९९० रुपये खोडलेले, शेजारी ३५ टक्के सूट, खाली ५८,४९०. वर सहा महिन्यांचा ‘नो-कॉस्ट’ हप्ता. मला प्रत्येक युक्तीचं नाव माहीत होतं. हा अँकर, ही टंचाई, हा डावा अंक, असं मनातल्या मनात मोजत मोजतच मी बटण दाबलं. आईला फोन केला तर तिने एकच विचारलं, “मागच्या महिन्यात कितीला होता?”

मी म्हटलं, “आई, एमआरपी नव्वद हजार आहे.”

“अगं, ते नाही विचारलं मी.”

जानेवारीत लॅबच्या खरेदीची फाइल लावताना मला जुलैमधली तीन कोटेशनं सापडली. लॅबसाठी तेच मॉडेल बघितलं होतं. सगळ्यात कमी कोटेशन, करासकट, ५९,००० रुपये. म्हणजे माझी ‘३५ टक्के’ सूट प्रत्यक्षात ५१० रुपयांची. त्यात हप्त्याचा हिशोब असा की व्याज दुकान सवलत म्हणून आधीच वजा करतं, पण बँक ते लावतेच, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपण भरतो. माझ्या बाबतीत व्याज साधारण २,६०० रुपये, त्यावरचा कर ४७० च्या आसपास, शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर मिळून २३५. बेरीज ७०५. सेलमध्ये घेऊन मी जुलैपेक्षा जवळजवळ दोनशे रुपये जास्तच दिले होते. आणि ठरवलेल्या रकमेच्या वर गेले ते साडेअठरा हजार वेगळेच. पुढे फेलोशिप चार महिने आली नाही, हप्ते मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आले. शेवटचे दोन आईच्या भिशीतून गेले.

म्हणून प्रश्न पडला: यादी पाठ असूनही उपयोग का झाला नाही? मी त्या यादीतली मूळ संशोधनं काढून वाचायला बसले. जे सापडलं ते सांगते.

९९ ची गोष्ट

सुरुवात सगळ्यात प्रसिद्ध युक्तीपासून. आपल्याकडे तिला ‘बाटाची किंमत’ म्हणतात. याद्या सांगतात की ९९ दिसलं की मेंदू फक्त डावा अंक वाचतो आणि गंडतो.

यातला पुरावा वाटला त्यापेक्षा चांगला निघाला, पण त्यातून निघणारी गोष्ट वेगळी आहे. रॉबर्ट शिंडलर आणि थॉमस किबारियन यांचा १९९६ चा प्रयोग घ्या. अमेरिकेतल्या बायकांच्या कपड्यांच्या टपाल कॅटलॉगच्या त्यांनी तीन आवृत्त्या काढल्या. एकीत किमती ०० वर संपणाऱ्या, दुसरीत ८८ वर, तिसरीत ९९ वर. ९९ च्या आवृत्तीतली विक्री ०० पेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी जास्त झाली. ८८ ने काही फरक पडला नाही. फरक खरा आहे, पण तो ८ टक्क्यांचा आहे. यादीतल्या भाषेवरून वाटतं तशी काही भुरळ पडत नाही.

दुसरा प्रयोग एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचा, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. हाही कॅटलॉगमधलाच. त्यातले सगळ्यात जास्त सांगितले जाणारे आकडे असे: ३४ डॉलरला १६ नग गेले, ३९ ला २१, ४४ ला १७. महाग केल्यावर विक्री वाढली! यादी इथे थांबते. तुम्ही थांबू नका. हे आकडे मोजणीचे आहेत आणि फार लहान आहेत. १६ सारख्या मोजणीत नुसत्या योगायोगाने चारपाचाची हालचाल होतेच (वर्गमूळ काढून बघा). तेव्हा या एका ओळीवर कोणी काही ‘सिद्ध’ करत असेल तर त्याला पाणी पाजा आणि बसवा. लेखकांचा मुद्दा टिकतो तो वेगळ्या कारणाने: त्यांनी तीन स्वतंत्र प्रयोग केले आणि तिन्हींत ९ च्या शेवटाने मागणी वाढली. पुनरावृत्ती म्हणतात ती हीच.

पण त्याच पेपरमध्ये पुढे जे आहे ते मला एकाही यादीत दिसलं नाही. ९ चा परिणाम नव्या वस्तूंवर जास्त होता. आधीच्या वर्षांत विकल्या गेलेल्या वस्तूंवर कमी. आणि जिथे ‘सेल’ असा शिक्का होता तिथे तो कमी होतो, असाही काही पुरावा त्यांना मिळाला. जरा विचार करा. गिऱ्हाइकाच्या मेंदूत ९ चा काही जन्मजात दोष असता तर जुन्या वस्तूवरही तो तेवढाच दिसायला हवा होता. तसं नाही. ज्या वस्तूची किंमत एरवी किती असते हे माणसाला माहीत नाही, तिथे तो शेवटच्या अंकावरून अंदाज बांधतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरा पेपर मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांचा, २००५ चा. त्यांना दिसलं की २.९९ हे ३.०० पेक्षा बरंच लहान वाटतं, पण ३.५९ हे ३.६० पेक्षा तसं वाटत नाही. कारण दुसऱ्या जोडीत डावा अंक बदलत नाही. म्हणजे यादीतलं ‘९९ म्हणजे फसवणूक’ हे सरसकट विधानही अर्धवटच आहे. माझ्या ५८,४९० मधल्या त्या ४९० चा या परिणामाशी काही संबंध नव्हता. मी उगीच त्याला ‘डावा अंक’ म्हणत होते.

इथे तुमच्यासाठी एक प्रश्न टाकते. आपण मराठीत ३९ ला काय म्हणतो? एकोणचाळीस. म्हणजे चाळीसला एक कमी. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळीकडे पुढची दहाई शब्दातच बसलेली आहे. (नव्याण्णव मात्र फटकून वागतो.) मग किंमत अंकांत दाखवण्याऐवजी मराठीत मोठ्याने सांगितली, तर डाव्या अंकाचा परिणाम कमी होईल का? ही माझी नुसती कल्पना आहे, निष्कर्ष नाही. पण बघा: दोन गट, त्याच किमती, एकाला अंक दाखवायचे, दुसऱ्याला ऐकवायच्या. इंग्रजी कॅटलॉगमधला निष्कर्ष लक्ष्मी रोडवर जसाच्या तसा लागू होतो असं धरून चालण्याऐवजी, तो कुठे बदलू शकेल हे शोधणं म्हणजे संशोधनाचा प्रश्न शोधणं. पेटच्या मुलाखतीत ‘तुमचा प्रश्न काय?’ विचारतात तेव्हा हेच विचारत असतात.

चाक, खोडलेला आकडा आणि एमआरपी

आता अँकरिंग, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याला मन बांधलं जाणं. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांच्या १९७४ च्या लेखातला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. एक चाक फिरवायचं, ते १० किंवा ६५ वर थांबायचं. मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत. १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५, आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५.

यादी इथून थेट उडी मारते: बघा, कुठलाही आकडा दाखवा, माणूस तेवढे पैसे द्यायला तयार होतो. पण टक्केवारीचा अंदाज करणं वेगळं आणि खिशातले पैसे काढणं वेगळं. ती उडी आधार देण्यासाठी २००३ चा डॅन एरियली, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि ड्राझेन प्रेलेक यांचा प्रयोग दाखवतात. त्यात विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांनी त्यांच्या बोलीवर मोठा परिणाम केला होता. मात्र २०१२ मध्ये ड्रू फ्युडेनबर्ग, डेव्हिड लेव्हिन आणि झकारियास मॅनियाडिस यांनी नेहमीच्या वापरातल्या वस्तू घेऊन असाच प्रयोग केला तेव्हा परिणाम फारच क्षीण निघाला. या दुसऱ्या पेपरचा उल्लेख यादीत नसतो, कारण ‘फारसं काही होत नाही’ हे कोण फॉरवर्ड करणार?

मग खोडलेली किंमत निरुपद्रवी आहे का? नाही. ती चाकावरच्या आकड्यासारखी अर्थहीन नाही, म्हणून तर धोकादायक आहे. ती माहितीचं सोंग घेऊन येते. ‘ही वस्तू एरवी इतक्याला मिळते’ असं ती सांगते आणि आपण विश्वास ठेवतो, कारण एरवीची किंमत खरंच उपयोगी माहिती असते.

हे समजायला मला माझं रोजचं यंत्र उपयोगी पडलं. माझा अर्धा दिवस स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर जातो. नमुना ठेवण्याआधी नुसतं द्रावक भरलेलं क्युव्हेट ठेवायचं आणि यंत्राला सांगायचं की हे शून्य समज. यालाच आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँक चुकीचा लागला तर पुढची सगळी रीडिंग सरकतात. यंत्र बिघडलेलं नसतं, गणित चुकलेलं नसतं, आलेख तर फार सुंदर येतो. चूक सगळ्याच्या आधी झालेली असते.

सेलमध्ये ब्लँक दुकानदार लावतो. ३५ टक्क्यांचं गणित बरोबरच होतं. ८९,९९० हा शून्यच खोटा होता. आणि आपल्याकडे हा ब्लँक बऱ्याचदा एमआरपीचा असतो. एमआरपी म्हणजे ज्याच्या वर विकता येणार नाही ती कमाल किंमत. ती उत्पादक किंवा आयातदार ठरवतो आणि वेष्टनावर छापतो. वस्तू सहसा कितीला विकली जाते हे ती सांगत नाही, सांगायला ती बांधीलही नाही. ग्राहकाला लुबाडणुकीपासून वाचवायला घातलेलं छत सेलमध्ये जमीन म्हणून दाखवलं जातं, आणि मग ‘किती खाली आलो बघा’ म्हणून आपण खूश.

युरोपीय संघाने नेमकं इथेच बोट ठेवलंय. तिथे २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार किंमत कमी केल्याचं जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की सुटीची टक्केवारीसुद्धा त्याच किमतीवरून मोजायची. गिऱ्हाइकाच्या मेंदूबद्दल त्या नियमात चकार शब्द नाही. त्यात फक्त ब्लँक कुठला लावायचा ते सांगितलंय. आईचा प्रश्न तिकडे कायदा झालाय.

बारा डबे

‘एका ग्राहकाला इतकेच नग’ या युक्तीमागे १९९८ चा सूपच्या डब्यांचा अभ्यास आहे: ब्रायन वॉन्सिंक, रॉबर्ट केंट आणि स्टीफन हॉक यांचा. मर्यादा नसताना लोकांनी सरासरी तीनचार डबे घेतले, आणि ‘प्रत्येकी १२’ अशी पाटी लावल्यावर सात. फार सांगितला जाणारा आकडा. पण यातला पहिला लेखक तो, ज्याच्या खाण्याच्या सवयींवरच्या पुढच्या संशोधनात गंभीर गैरप्रकार सापडले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचे सहा पेपर एकदम मागे घेतले गेले आणि त्याला विद्यापीठ सोडावं लागलं.

सूपचा पेपर त्या सहांत नव्हता. म्हणून तो खोटा म्हणून फेकून द्यायचा का? तसं म्हणणंही आळशीपणाचंच. पण तो एकट्यावर भार टाकण्याजोगा राहिलेला नाही. इतर कोणी, इतर दुकानांत, तेच मोजलंय का हे विचारावं लागतं. यादी हे विचारत नाही. तिच्यासाठी १९७४ चं, १९९६ चं आणि १९९८ चं संशोधन एकाच वजनाचं, एकाच ‘सिद्ध’च्या छापाचं. तुमच्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण असं लिहिलंत तर गाइड ते परत करतील, आणि बरोबर करतील.

दोष कोणाचा?

या लेखांवर माझा मोठा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. दहाच्या दहा युक्त्यांत दोषी एकच: तुमचा मेंदू. तुम्ही भावनिक, तुम्ही घाईचे, तुम्ही आकड्यांना भुलणारे. पण ‘फक्त २ शिल्लक’ ही पाटी खोटी असेल तर ती मानसशास्त्राची गंमत नाही, ते असत्य विधान आहे. खरी असेल तर ती उपयुक्त माहिती आहे. दोन्हींना ‘टंचाईचा परिणाम’ हे एकच शास्त्रीय नाव दिलं की खोटं बोलणारा बाजूला राहतो आणि ऐकणाऱ्यालाच सुधारवर्ग लागतो.

आपल्या कायद्याला हा फरक कळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, किंमत शेवटपर्यंत थेंबाथेंबाने वाढवत नेणं हे सगळं त्यात आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हप्त्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलं जातं. माझ्या हाताशी हे सगळं होतं. मी वाचत मात्र होते ‘तुमचा मेंदू कसा फसतो’.

आणि मी का फसले याचं उत्तरही तिथेच आहे. यादीने मला युक्त्यांची नावं दिली. तुलनेला आकडा दिला नाही. अँडरसन आणि सिमेस्टर यांच्या पेपरमधलं ते नव्या आणि जुन्या वस्तूंचं आठवा. ज्याच्याकडे स्वतःची माहिती नाही त्याच्यावर युक्ती चालते. नाव माहीत असणं म्हणजे माहिती असणं नव्हे.

मग करायचं काय?

लांबलचक यादी देणार नाही, नाहीतर मीही त्यांच्यातलीच. आता मी फक्त तीन आकडे लिहून ठेवते, आणि तेही सेल लागायच्या आधी. वस्तूची आजची किंमत, दोन ठिकाणची, तारखेसकट. मी जास्तीत जास्त किती देणार ती रक्कम. आणि सेलच्या दिवशी तिसरा: फी, कर, घरपोच करण्याचा खर्च, सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती जाणार. खोडलेली किंमत आणि टक्केवारी वहीत लिहायचीच नाही. दुसऱ्या आकड्याला संशोधनात पूर्वनोंदणी म्हणतात: निकाल बघायच्या आधी निकष लिहून ठेवायचा, म्हणजे नंतर सरकवता येत नाही. माझे चाळीस हजार नुसते मनात होते, म्हणून एवढे सहज सरकले.

माझा हा उपाय हुकमी आहे असं म्हणत नाही. माझा नमुना एक, कंट्रोल गट शून्य. पण यात तपासण्याजोगं काहीतरी आहे. चुकले तर वहीत दिसेल.

परवा घरी गेले तेव्हा आईची फराळाची वही चाळली. दर दिवाळीला एक पान: चणाडाळ, रवा, पोहे, तूप, गोडेतेल, प्रत्येकापुढे भाव आणि दुकानाचं नाव. कित्येक वर्षांची पानं. एका वर्षी तेलापुढे तिने कंसात लिहिलंय, ‘पाटीवर सूट, पण गणपतीत याच भावाने आणलं होतं’. मी जर्नल क्लबमध्ये अर्धा तास बोलून जे सांगू शकले नव्हते ते एका ओळीत होतं, तारखेसकट.

पुढचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा ‘इतके टक्के वाढ’ या वाक्यापाशी थांबा आणि विचारा: कशाच्या तुलनेत, आणि तो आकडा कोणी निवडला? पेपरने नीट उत्तर दिलं तर पुढे वाचा. नाही दिलं तर पान उलटायच्या आधी समासात तेवढं लिहून ठेवा.